ऑटोफोकसची मला गरज नाही

१२ ऑक्टोबर, सकाळी चहाआधी

विनीताने व्हॉट्सॲपचा डीपी बदलला. इतकी वर्षं तिथे गणपती होता. आज पाहतो तर गणपतीच्या जागी ती स्वतः. ग्वारीघाटावर नावेत बसली आहे, मान वळवून खळखळून हसते आहे. फोटो सुमेधने काढलेला.

सुमेध म्हणजे माझा साडू, विनीताच्या धाकट्या बहिणीचा, दीपाचा नवरा. रेल्वेत आहे. वयाने माझ्यापेक्षा लहान, केस माझ्यापेक्षा जास्त. हल्ली त्याला फिल्म कॅमेऱ्याचा नाद लागला आहे. रोल घालायचा, धुवायला मुंबईला पाठवायचा आणि वाट पाहत बसायचं. त्याच्या कॅमेऱ्याची बॉडी ऑटोफोकसवाली आहे. बटण अर्धं दाबलं की लेन्स घर्र करते आणि समोरचं आपोआप स्पष्ट होतं. माणसाने फक्त उभं राहायचं.

मला काही वाटलं नाही. केवळ तांत्रिक निरीक्षण म्हणून नोंद करतो. नजर कॅमेऱ्याकडे नाही, भलतीकडेच आहे. ही पहिली चूक. डाव्या कडेला कोणाचं तरी पिवळ्या शर्टातलं कोपर आलं आहे. परकी कोपरं फ्रेममध्ये येऊ द्यायची नसतात, हे नवशिक्यालाही कळतं. मी तेव्हा नावेतच होतो, मी सांगितलं असतं. पण नेमकी त्याच वेळी माझी एक चप्पल नर्मदेत पडली आणि मी त्या गडबडीत होतो.

१२ ऑक्टोबर, दुपारी

फॅमिली ग्रुपवर डीपीचीच चर्चा. माझ्या सख्ख्या बहिणीने, इंदिराने, बदाम पाठवले. लिहिलं, वहिनी इतक्या सुंदर आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं. म्हणजे आजवरचे फोटो काढणाऱ्याचा हा अपमान आहे. आजवरचे फोटो मी काढले आहेत.

अल्बम काढून पाहिले. पचमढी, धुवाँधार, आमच्या मुलीचं, यामिनीचं बारसं. सगळीकडे विनीता सावधान उभी, डोळे अर्धे मिटलेले, चेहरा इंजेक्शन घ्यायला आल्यासारखा. दोष त्या वेळच्या बॉडीचा होता. ती बॉडी मागेच कामातून गेली. लेन्स मात्र अव्वल आहे, ओल लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात जपून ठेवली आहे.

संकल्प: फिल्म कॅमेऱ्याची बॉडी घ्यायची. हे वर्ष संपायच्या आत विनीताच्या डीपीवर मी काढलेला फोटो असेल, आणि तो तिने आपणहून लावलेला असेल. मी तोंडाने एक शब्द काढणार नाही.

१३ ऑक्टोबर

तांदळाच्या डब्यात लेन्स नव्हती. विनीता म्हणाली, ते तांदूळ तर यामिनी शाळेत होती तेव्हाच संपले. लेन्स शिलाई मशीनच्या खणात सापडली, बॉबिनच्या शेजारी. काच स्वच्छ आहे. जपून ठेवण्याचा फायदा होतोच.

१६ ऑक्टोबर

प्रश्न असा आहे की बॉडी मॅन्युअल घ्यावी की ऑटोफोकस.

यूट्यूबवर बरंच पाहिलं. मॅन्युअल बॉडीत डोळा लावला की मधोमध एक गोल दिसतो. फोकस नसेल तर त्या गोलात समोरच्या वस्तूचे दोन तुकडे पडतात, वरचा अर्धा एकीकडे, खालचा दुसरीकडे. लेन्सची रिंग फिरवत ते तुकडे जुळवायचे. जुळले की फोकस. ऑटोफोकस बॉडीत हा गोल नसतोच. माझी जुनी लेन्स तिच्यावर चढेल, पण आपोआप फिरणार नाही. म्हणजे फोकस हातानेच करायचा, आणि गोलाची मदतही नाही. आपोआप हवं असेल तर लेन्सही नवी घ्यावी लागेल.

यामिनीचा इंदूरहून फोन होता. तिला सहज विचारलं. म्हणाली, बाबा, ऑटोफोकस ले लो ना, तुम्ही चष्मा तर लावत नाही. मी सांगितलं की मी फॅक्टरीच्या इन्स्पेक्शन सेक्शनमध्ये आहे, केसाच्या जाडीचा फरक मायक्रोमीटरवर सांगतो. ती म्हणाली, मायक्रोमीटर भी तो अब डिजिटल आ गए हैं. हे खरं आहे, पण मुद्दा वेगळा होता.

चष्मा फक्त जवळचं वाचायला लागतो. फोटो मी दूरचे काढणार आहे.

२२ ऑक्टोबर, पाडवा

विनीताने ओवाळलं. मी ताटात काही घातलं नाही, कारण या वर्षीची ओवाळणी म्हणजे तिचा फोटो, आणि तो डिसेंबरात येणार आहे. पण हे गुपित असल्यामुळे तिला सांगता आलं नाही. ती रिकाम्या ताटाकडे पाहून अच्छा म्हणाली आणि आत गेली. कळेल तिला.

संध्याकाळी दीपाकडे फराळाला. भिंतीवर दीपाचा मोठा फोटो, फ्रेम केलेला. सुमेधने पाडव्याची ओवाळणी म्हणून दिला. विनीता त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. मी म्हटलं, काच चमकते आहे, मॅट काच घ्यायला हवी होती.

सुमेधने आपला कॅमेरा माझ्या हातात दिला. बटण दाबलं, घर्र झालं, चकलीवरचा तीळसुद्धा स्पष्ट. एवढं सगळं आपोआप स्पष्ट दिसणं मला पटलं नाही. सुमेध म्हणाला, दादा, घेऊन जा ना महिनाभर, मी कुठे रोज फोटो काढून राहिलो. असं मनमोकळं वागायची त्याला जुनी सवय आहे. त्यामुळे समोरच्याला रागावताही येत नाही. मी नम्रपणे नकार दिला आणि सांगितलं की कुठे पाहायचं हे ज्याला स्वतःला ठरवता येत नाही, त्याने ऑटोफोकस घ्यावा. सुमेधला ते वाक्य फार आवडलं. त्याने लगेच मोबाइलमध्ये लिहून घेतलं. याचाही राग आला.

२७ ऑक्टोबर

ओमती भागातल्या एका दुकानात जुन्या बॉड्या मिळतात. दुकानदाराने एक ऑटोफोकस आणि एक मॅन्युअल अशा दोन काउंटरवर ठेवल्या. ऑटोफोकस हातात घेतली की तो म्हणायचा, साहब, मक्खन है. मॅन्युअल घेतली की म्हणायचा, साहब, ये तो तोप है. त्याला दोन्ही विकायच्या होत्या.

मॅन्युअलच्या डायलवरचे आकडे पुसट झाले आहेत. तसं सांगितल्यावर त्याने स्वतःचा चष्मा लावून सगळे आकडे वाचून दाखवले. म्हणजे त्यालाही सहज दिसत नव्हते. विचार करून सांगतो म्हणालो.

२८ ऑक्टोबर

मॅन्युअल. ठरलं.

२९ ऑक्टोबर

ऑटोफोकसचा विचार अगदीच सोडू नये. दुकानातली बॉडी सुमेधच्या बॉडीपेक्षा वरचं मॉडेल आहे. त्याला ते एका नजरेत कळेल.

३० ऑक्टोबर

पण मग तो म्हणेल, दादांनी माझं पाहून घेतला. तोंडाने म्हणणार नाही, मनात म्हणेल. मनात आणखी म्हणेल की दादांना चांगला मिळाला, आणि त्याला खरंच आनंद होईल. ते तर अजिबात नको.

मॅन्युअल.

१ नोव्हेंबर

मॅन्युअल बॉडी घेतली. बॅटरी संपली तरी चालते. वजनदार आहे. लेन्स चढवल्यावर असा खट्ट आवाज आला की दुकानदारही गप्प झाला. गोहलपूरला एकाकडून कातडी पट्टा शिवून घेतला आणि गळ्यात घालूनच घरी आलो.

विनीता म्हणाली, मोबाइलात आहे ना कॅमेरा, मग हे काहून आणलं? खरं कारण सांगता येत नव्हतं. तोंडातून निघून गेलं की भय्यासाहेबांच्या सोहळ्यासाठी.

भय्यासाहेब म्हणजे माझे सासरे. त्यांना ऐंशी पूर्ण होऊन गेली, आता डिसेंबरात सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम आहे. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला सगळ्या बायका दिव्यांनी ओवाळतात, आशीर्वाद घेतात. घरचीच माणसं, पण जबलपूरची निम्मी मराठी मंडळी घरचीच असतात. विनीता खूश झाली. म्हणाली, बाबांचा छान फोटो घ्या आणि एखादा माझाही घ्या, मी त्या दिवशी नवी साडी नेसणार आहे.

हे ती आपणहून म्हणाली. योजना मी आखतो त्यापेक्षा वेगाने पुढे सरकते आहे.

३ नोव्हेंबर

भय्यासाहेबांकडे जाऊन आलो. त्यांनी गृहीत धरलं होतं की फोटो सुमेध काढणार. मी स्पष्ट सांगितलं, थोरला जावई मी आहे, फोटो काढण्याचा मान माझा. भय्यासाहेब जुन्या वळणाचे, त्यांच्या घराण्यात चार पिढ्या मानपान मोजत आल्या. ते म्हणाले, नीलकंठराव, जावयाचा मान माझ्या उजव्या हाताला बसण्याचा असतो, उभं राहून फोटो काढण्याचा नाही. मी म्हटलं, माझ्यासाठी तोच मान आहे.

मग सुमेधला फोन केला आणि सांगितलं की त्या दिवशी कॅमेरा आणू नकोस, एका कार्यक्रमात दोन कॅमेरे शोभत नाहीत. मला वाटलं, हिरमुसेल. तो म्हणाला, वा दादा, चलो, मी मग आरामात बसतो, दरवेळी मीच उभा राहतो. त्याच्याशी नीट भांडताही येत नाही.

९ नोव्हेंबर

रोल न घालता सराव. गोलात तुकडे जुळवायला समोर एखादी सरळ रेघ लागते. दाराची चौकट, खिडकीचा गज, टाकीचा पाइप. यांच्यावर फोकस अचूक येतो. दिवसभरात घरातले सगळे गज फोकस केले.

विनीतावर येत नाही. तिच्यात सरळ रेघच नाही. शिवाय ती हलते. मी हलू नकोस म्हटलं तर म्हणाली, फोडणी जळून राहिली अन् तुम्ही म्हणता हलू नको. मी म्हटलं, हस. ती सावधान उभी राहिली आणि डोळे अर्धे मिटले. आता दोष बॉडीचाही नाही, हे सिद्ध झालं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दीपा आणि सुमेध जेवायला आले. विनीताने कोथिंबिरीची सांबारवडी केली. मी दिवाळीपासून सांबारवडी मागतो आहे. दिवाळीपासून कोथिंबीर महाग होती. आज स्वस्त झाली म्हणे. पहिली गरम वडी सुमेधच्या ताटात. मी हे मुद्दाम पाहिलं नाही, कॅमेरा डोळ्याला लावलेला असल्यामुळे दिसलं.

मात्र एक महत्त्वाचा शोध लागला. सुमेध जाड काळ्या फ्रेमचा चष्मा लावतो. त्या फ्रेमची वरची कड आणि काडी, दोन्ही सरळ आणि काळ्याभोर. गोलात तिचे तुकडे असे पडतात आणि असे जुळतात की बोलायची सोय नाही. जेवण होईपर्यंत त्याच्यावर सराव केला. वडी तोडताना, पाणी पिताना, विनीताच्या कुठल्याशा बोलण्यावर हसताना. प्रत्येक वेळी अचूक. हसताना त्याच्या डाव्या गालावर एक रेघ पडते, ही मला आज पहिल्यांदा दिसली. उजव्या गालावर पडत नाही.

सुमेध हे उत्तम टार्गेट आहे. यापलीकडे त्याच्याकडे पाहण्यात काही हेतू नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आम्ही दीपाकडे. सराव चालू. सुमेधने नवा स्वेटर घेतला आहे, माझ्या स्वेटरच्याच रंगाचा, पण त्याला चांगला दिसतो. विनीताने त्याला तसं सांगितलंही. मला तिने स्वेटरबद्दल शेवटचं वाक्य म्हटलं ते असं, की आता तो पुसायला घ्या.

दीपाने विचारलं, भाऊजी, तुम्ही आल्यापासून यांच्याकडेच काहून पाहून राहिले? मी तिला रेघेचं तत्त्व समजावून सांगितलं. ती हो हो म्हणत स्वयंपाकघरात गेली आणि तिथून दोघी बहिणींचं हसणं ऐकू आलं. फोटोग्राफी हा विषय बायकांना रुक्ष वाटतो.

६ डिसेंबर

रोल आणला. ब्लॅक अँड व्हाइट. रंगीत फोटो कोणीही काढतो, ग्वारीघाटवाला रंगीतच आहे.

विनीता आजच बडा फुहाऱ्याच्या बाजारातून साडी घेऊन आली. आमसुली रंगाची चंदेरी, काठ मोरपंखी. दीपाबरोबर चार दुकानं फिरली त्या रंगासाठी. मला नेसून दाखवली. चांगली दिसत होती. मी म्हटलं, काठ जरा अरुंद असता तर फ्रेममध्ये बरं पडलं असतं. रोलबद्दल काही बोललो नाही. तिला निकालच दाखवायचा.

रोलमध्ये छत्तीस फोटो. शेवटचे सहा विनीतासाठी राखून ठेवणार. तोवर माझा हात बसलेला असेल.

१४ डिसेंबर, रात्री जेवणाआधी

कार्यक्रम पार पडला. माझ्या दृष्टीने पूर्ण यशस्वी.

सुरुवातीलाच मी जाहीर केलं की कोणी मोबाइल काढू नये, आज फोटो फक्त फिल्मवर होतील. पोरंटोरं कुरकुरली, पण थोरल्या जावयापुढे बोलणार कोण. सुमेधने स्वतः उठून सगळ्यांचे मोबाइल गोळा केले आणि एका परातीत ठेवले. ही मदत मी मागितलेली नव्हती.

हॉलमध्ये उजेड कमी होता. फ्लॅश मी वापरत नाही, चेहरा भिंतीसारखा सपाट होतो. लेन्स पूर्ण उघडी ठेवली. अशा वेळी ज्याच्यावर फोकस तेवढाच स्पष्ट येतो, आजूबाजूचं सगळं धूसर. याला कला म्हणतात.

भय्यासाहेब मधोमध पाटावर. पांढरे केस, पांढरा सदरा, पांढरं धोतर, मागे पांढरी भिंत. कुठे रेघ म्हणून सापडत नव्हती. त्यांच्या उजव्या हाताला थोरल्या जावयाची जागा. मी कॅमेऱ्यामागे असल्यामुळे ती रिकामी होती, तर भय्यासाहेबांनी हात धरून सुमेधला तिथे बसवलं. तो दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा बसला. तिथून त्याचा चष्मा गोलाच्या बरोबर मधोमध येत होता. मी त्याच्यावर फोकस जमवून घ्यायचो आणि मग फोटो सगळ्यांचा काढायचो. ही मान्य पद्धत आहे.

त्याच्या हातात थोरल्या जावयाचा नारळ दिला, तो फोटो घेतला. त्याला टोपी घातली, तो घेतला. दीपाने भय्यासाहेबांना ओवाळताना त्याने तबकाखाली हात धरला, तो घेतला. भय्यासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. हा प्रसंग महत्त्वाचा असल्यामुळे चार घेतले. माझ्या पाठीवर त्यांनी शेवटची थाप केव्हा मारली, ते काही आठवत नाही.

विनीता मध्ये एकदा येऊन उभी राहिली. पदर नीट केला आणि म्हणाली, घ्या आता, मी तयार आहे. मी खूण केली की थांब, तुझे राखून ठेवलेत. ती थोडा वेळ थांबली, मग वाढायला गेली. तेवढ्यात सुमेधला ठसका लागला आणि भय्यासाहेबांनी स्वतःच्या हाताने त्याला पाणी दिलं. तेव्हा कॅमेऱ्याचा खटका अडकला. रोल संपला होता.

राखीव सहा मध्येच कसे वापरले गेले, कळत नाही. काउंटरचे आकडे फार बारीक असतात. पण ग्रुप फोटोंत विनीता आहेच. मोठा करून तिच्यापुरता कापता येईल.

१६ डिसेंबर

रोल कुरियरने मुंबईला रवाना. आता वाट पाहायची. मजा यातच आहे, असं सुमेध म्हणतो. मला अजून मजा येत नाही.

१९ डिसेंबर

विनीताचा डीपी तोच. दोनदा तपासला. घाई नाही.

२१ डिसेंबर

विनीताने विचारलं, साडीचा रंग कसा आला असेल हो? मी म्हटलं, फिल्मवर रंगाला वेगळीच खोली येते. वाक्य म्हणून ते बरोबर आहे.

२६ डिसेंबर, सकाळी

फोटो आले. ईमेलवर. सगळे. एकही वाया गेलेला नाही.

फोकस तर असा की लॅबच्या माणसाने मुद्दाम लिहून पाठवलं, सर, शार्पनेस जबरदस्त. हे सुमेधला पुढे पाठवलं.

२६ डिसेंबर, दुपारी

मोबाइलवर पुन्हा पाहिले, चष्मा लावून. यामिनीने दिवाळीला आणलेला चष्मा, उगाच पडून होता.

प्रत्येक फोटोत स्पष्ट आहे तो सुमेध. त्याची पापणी न् पापणी मोजता येते. डाव्या गालावरची रेघ येते आहे, जाते आहे, हे चार फोटोंत ओळीने दिसतं. भय्यासाहेब त्याच्या शेजारी एक पांढरा ढग. दीपा धूसर. दिवे म्हणजे नुसते गोळे. मी यात नाही, ते साहजिक आहे.

लेन्समध्ये काहीतरी दोष असावा. शिलाई मशीनमध्ये ठेवायला नको होती.

२७ डिसेंबर

सगळ्यांनी फोटो पाहिले. मला वाटलं होतं, भय्यासाहेब नाराज होतील. त्यांना आता सगळंच जरा धूसर दिसतं, त्यामुळे आपण धूसर आहोत हे त्यांच्या लक्षात आलं नाही. म्हणाले, धाकटे जावई काय दिसून राहिले, वा. तो थाप मारल्याचा फोटो हॉलमध्ये लावायचा ठरला आहे. फ्रेम करून द्यायचं माझ्याकडे.

सुमेधचा फोन आला. म्हणाला, दादा, मी सगळ्यांचे फोटो काढून राहिलो इतकी वर्षं, माझा कोणी काढलाच नव्हता. इतक्या मायेने माझ्याकडे कोणी पाहत असेल, असं वाटलं नव्हतं मला. मी तांत्रिक कारण सांगायला सुरुवात केली, पण त्याला ऐकायचं नव्हतं.

दुपारी त्याने डीपी बदलला. मी काढलेला फोटो. घरातल्या एका माणसाच्या डीपीवर या वर्षात माझा फोटो लागला, एवढं खरं.

२८ डिसेंबर

विनीताने काल सगळ्यांसोबत भरभर पाहिले होते. आज एकटीने, एकेक करून, सावकाश पाहिले. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो.

ती एका फोटोत आहे. सुमेधच्या मागे, खिरीचं भांडं घेऊन जाते आहे. तिला माहीत असल्यामुळे तिला ती सापडली, एरवी कोणाला कळलं नसतं. साडी राखाडी. काठही राखाडी. कापून मोठा करण्यासारखं काही नाही.

मोबाइल मीच परातीत ठेवायला लावले होते. सुमेधला कॅमेरा आणू नकोस असं मीच सांगितलं होतं. म्हणजे आमसुली साडीतला तिचा फोटो कोणाकडेच नाही.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला उत्तरं तयार होती. सुमेधचा तो हसतानाचा फोटो तिने मोठा केला आणि म्हणाली, किती मन लावून पाहत होते हो तुम्ही त्याच्याकडे. मग म्हणाली, मी तर तिथेच उभी होती. आणि कणीक भिजवायला गेली.

मला वाईट वाटलं. हे इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही.

२९ डिसेंबर

निर्णय: ऑटोफोकस बॉडी घ्यायची. मॅन्युअलमध्ये कुठे पाहायचं हे माणसावर सोडलेलं असतं, आणि ही मॅन्युअलमधली मोठी उणीव आहे. ओमतीच्या दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, वो तो कल ही बिक गया साहब, एक रेल्वे वाले साहब ले गए.

३० डिसेंबर

सुमेध ती ऑटोफोकस बॉडी घेऊन घरी आला. माझ्यासाठी. म्हणाला, दादा, माझ्या फोटोंचं रिटर्न गिफ्ट.

वरचं मॉडेल आहे. सोबत लेन्सही. घर्र आवाज त्याच्या कॅमेऱ्यापेक्षा कमी. मी धन्यवाद म्हटलं.

३१ डिसेंबर, संध्याकाळी

विनीताचा डीपी तोच.

नवी बॉडी काढून बसलो होतो. विनीता समोर वाटाणे सोलत होती. घर्र केलं, लगेच स्पष्ट. तरीही ती सावधान बसली आणि डोळे अर्धे मिटले. मी कॅमेरा खाली ठेवला आणि शेवटी विचारलंच, की त्या ग्वारीघाटाच्या फोटोत सुमेधने असं काय सांगितलं होतं की तू एवढी हसलीस.

ती म्हणाली, त्याने कुठे काय सांगितलं, मी तर तुमच्याकडे पाहून राहिली होती. तुमची चप्पल वाहून चालली होती अन् तुम्ही नावेत उभं राहून तिला आवाज देऊन राहिले होते, ए थांब, ए थांब म्हणून. नाववालाही हसून राहिला होता. इतकं सांगून ती पुन्हा तशीच हसली, मान वळवून, खळखळून. कॅमेरा माझ्या मांडीवर होता, लेन्सवर टोपण.

तिचा डीपी उघडला. चष्मा लावून मोठा करून पाहिला. डावीकडचं ते पिवळं कोपर माझ्याच शर्टाचं आहे. विनीता म्हणाली, सुमेधने विचारलं होतं, ताई, हे कापून टाकू का. मीच म्हटलं, राहू दे.

कोपर फोकसमध्ये नाही.